परिच्छेद चौदा

देवगडच्या कोर्टामागे, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
मी वकीलसाहेबांच्या कैफियती टाइप करते.
दाव्यात सव्वीस परिच्छेद, उत्तरात सव्वीस वेळा एकच ओळ :
यातील मजकूर खरा नाही व कबूल नाही.
बोटांना इतकी पाठ, की कोणी चहा हवा का विचारलं
तरी आधी तीच उमटते.

प्रतिवादी क्रमांक एक, मधुसूदन राजम,
खाडीवरच्या मासळी कंपनीचे कार्यकारी संचालक.
मसुदा वाचला त्यांनी, घडी घालून खिशात ठेवला.
दुसऱ्या दिवशी पहाटे जेटीवर,
बर्फाचा भाव लिहायच्या फळ्यावर,
भाव पुसून स्वतःच्या हाताने :

आरोप ९. रात्री गरम पाणी खाडीत सोडलं.
सोडलं. तीन रात्री. पंप बंद होता.
तेव्हा सांगितलं नाही, आज सांगतो.

वकीलसाहेबांचा फोन स्पीकरवर होता.
"अहो, तो फळा नाही, पुरावा आहे! खडू तुमचा, मान माझी!"
पलीकडे आधी ट्रॉलरचं इंजिन, मग राजम :
"नाही म्हणायची फी तुम्हाला दिलीय.
हो फुकट आहे. तेवढं मला करू द्या."

मग रोज एक.
बांगड्याच्या टोपल्या उतरवून बायका थांबत,
खलाशी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत,
एसटीचा कंडक्टर वाचून होईपर्यंत बेल देत नसे.
अकराव्याला वजनकाटा. काटा बरोबर आहे, लिहिलं,
या, तुम्हीच तपासा. आणि काटा खरंच बाहेर आणून ठेवला.
बाराव्याला टाळ्या पडल्या.
तेराव्याला अक्षर सुधारलं होतं.
वळणदार, खाली रेघ,
कबुलीला चढलेलं थोडं पॉलिश.
ते पाहून माझेच कान गरम झाले.
मीही टाइप करताना समास नेमका सोडते.

शनिवारी ओहोटीला शेवंती सारंग, वादी क्रमांक एक,
चिखलातून वर आली. हातात कालवं फोडायची कोयती,
टोपलीच्या तळाशी चार-दोन शिंपल्या.
फळ्यासमोर बराच वेळ उभी.
मग मला म्हणाली,
"अक्षरां माका येनत नाय गो. आकडे येतत.
जल्मभर मासळीच मोजली मिया.
तेराच्या फुडे एकदम पंधरा कित्याक?"

चौदा मी टाइप केला होता.
सदर रात्री वादीची सून मोरीच्या तोंडाशी कालवं काढत होती.
गुडघ्यापर्यंत भाजली.
कंपनीचा माणूस दवाखान्यात पाच हजार
आणि एक कोरा कागद घेऊन आला,
कागदावर वादीचा अंगठा घेतला.
त्याच्याखालीही माझी तीच ओळ,
तशीच, दोन अंतरं सोडून.

"चौदात काय आसा, तां तुका ठाव आसा?"
हो, म्हटलं.
"मगे?"

फळ्याच्या कडेला खडूचा तुकडा होता,
खाऱ्या हवेने मऊ पडलेला.
मी तो उचलला नाही.
हे इथे लिहितेय ते उचलण्यासारखं नाही, मला माहीत आहे.

सोमवारी ऑफिसला जाताना मुद्दाम जेटीवरून गेले.
फळ्यावर बर्फ, लादी एकशे चाळीस.
खाली १४, पुढे टिंब, पुढे काही नाही.
राजम फळ्याखाली उकिडवे बसलेले, विजार घोट्यापर्यंत ओली,
बोटं पांढरी.
भरती चढत होती, पायरी पायरीने.
"चौदाला," त्यांनी विचारलं,
"आपण काय उत्तर दिलंय हो?"

आजवर ती ओळ मी तोंडाने कधी म्हटली नव्हती.
यातील मजकूर, मी म्हणाले,
यातील मजकूर